थेंबाचा हिशेब

प्रस्तावना

मराठी घराला सुगंधी तेलं नवी नाहीत. सर्दीला निलगिरी, दुखऱ्या दाढेला लवंगेचं तेल, पोट बिघडलं की बत्ताशावर अमृतधारेचे दोन थेंब, गुडघ्याला चोळायला गंधपुऱ्याचं तेल, अशा बाटल्या बामच्या डबीशेजारी कित्येक वर्षं नांदत आल्या आहेत. अलीकडे त्यांच्या शेजारी लव्हेंडर, टी ट्री, रोझमेरी, पेपरमिंट आणि लेमनग्रास येऊन बसली. मोबाइलवर मागवलं की दोन दिवसांत घरपोच. सोबत डिफ्यूझर येतो आणि सोबत सल्लेही येतात. केस गळतात? रोझमेरी. झोप नाही? लव्हेंडर. मुरुमं? टी ट्री. वजन कमी करायचंय? सकाळी कोमट पाण्यात लिंबाचं तेल. यात चार गोष्टी मात्र कोणी सांगत नाही: कशात मिसळायचं, किती घ्यायचं, कोणाला चालतं आणि कोणाला अजिबात चालत नाही. हे पुस्तक त्या चार गोष्टींसाठी आहे.

या तेलांबद्दल बोलणारे बहुधा दोन गटांत मोडतात. एक म्हणतो, झाडापानांचंच तर आहे, त्यानं अपाय कसला होणार? दुसरा म्हणतो, नुसता वास तो, त्यानं काय होतंय? दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण दोघांच्याही घरात बाटली बिनबुचाची, मुलांच्या हाताला येईल अशीच पडलेली असते. माझं म्हणणं दोघांहून वेगळं आहे. ही तेलं काम करतात, म्हणूनच ती चुकीच्या जागी, चुकीच्या मापात नुकसानही करतात. ज्याला गुण आहे त्याला मात्रा असते, हे आयुर्वेदाचे वैद्यही सांगतात आणि आधुनिक औषधशास्त्रही.

‘आमच्या आजीपासून चालत आलंय’ हा दाखला या विषयात हमखास दिला जातो. तो जरा तपासून पाहू. आजीच्या बटव्यात लवंग होती, ओवा होता, वेखंड होतं, सुंठ होती. दिवाळीच्या अभ्यंगाला तीळतेलात किंवा खोबरेलात उकळलेली सुगंधी द्रव्यं होती. सगळं मुळात सौम्य, किंवा भरपूर साध्या तेलात उतरवलेलं. ऊर्ध्वपातन करून काढलेला निव्वळ अर्क त्या बटव्यात नव्हता. आजी अनुभवाची होती, पण तिचा अनुभव लवंगेचा होता, लवंगेच्या अर्काचा नव्हता. वनस्पतीला मिळालेलं परंपरेचं प्रशस्तिपत्र आपण परस्पर बाटलीला चिकटवतो आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

हिशेब मांडून बघा. लवंगेत वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असतं. इतकं तेल फार थोड्या मसाल्यांत सापडतं. मसालेभाताला चार लवंगा पडतात आणि त्याही पाच-सहा पानांत वाटल्या जातात. चहाच्या एका चमच्यात ५ मिलिलिटर मावतात. तेवढ्या लवंग तेलात तीनशेच्या आसपास लवंगांमधलं तेल असतं. तीनशे लवंगा कोणी एका बैठकीत खाणार नाही, जीभच खाऊ देणार नाही. चमचाभर तेल मात्र रांगतं मूल एका घोटात पिऊ शकतं आणि त्यानं यकृत निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. गुलाबाचा हिशेब याहून चढा आहे. एक किलो गुलाबतेलाला तीन ते चार हजार किलो फुलं लागतात. गुलकंद खाणाऱ्याच्या पोटात जे जातं त्याचा आणि या तेलाचा संबंध नावापुरताच उरतो.

हा अर्क निघतो कसा, हे समजलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. भांड्यात पाला किंवा फुलं घालून त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर वनस्पतीतली उडून जाणारी द्रव्यं बाहेर पडतात. ती थंड नळीतून नेली की पाणी आणि तेल वेगळं होतं आणि तेल बहुधा पाण्यावर तरंगतं. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला हेच काम अजूनही तांब्याच्या डेगेत, मातीनं तोंड लिंपून, बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे अर्क गोळा करायच्या भांड्यात, उतरवून केलं जातं. तिथे भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं, म्हणून अस्सल अत्तर मुळातच चंदनात मुरलेलं असतं. संत्रं, लिंबू अशा फळांच्या सालींचं तेल मात्र बहुतेक वेळा वाफेविना, साल दाबून काढतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उन्हाच्या संदर्भात तो कामाला येणार आहे.

वाफेबरोबर जे उडतं तेवढंच बाटलीत येतं. तंतू, साखर, क्षार, कडू-तुरट द्रव्यं डेगेतच राहतात. म्हणून ‘वनस्पतीचे सगळे गुण एका थेंबात’ ही जाहिरात खरी नाही. लिंबाच्या तेलात क जीवनसत्त्व नसतं, ते रसात राहतं. सकाळी पाण्यात लिंबाचं तेल टाकून पिणाऱ्याला लिंबू पिळण्याचा फायदा मिळत नाही. तेल पाण्यात विरघळत नसल्यानं ते वरच तरंगतं आणि घशाला, अन्ननलिकेला थेट लागतं.

आपल्या डोळ्यांनी बघण्यासारखे दोन साधे प्रयोग सांगतो. कोऱ्या कागदावर एक थेंब खोबरेल आणि शेजारी एक थेंब निलगिरी टाका. काही तासांनी पाहिलं तर खोबरेलाचा पारदर्शक डाग तसाच असेल आणि निलगिरीच्या जागी कागद कोरा झालेला असेल. चंदन, वाळा अशी जड तेलं डाग ठेवतात, पण हलक्या तेलानं तेलकट डाग सोडला तर त्यात दुसरं काही मिसळलंय असं खुशाल समजा. दुसरा प्रयोग: थर्माकोलच्या तुकड्यावर संत्र्याच्या सालीच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाका. थर्माकोल बघता बघता खचतो आणि तिथे खड्डा पडतो. या तेलाचे गुणधर्म द्रावकाचे आहेत, खोबरेलाचे नाहीत. बाटली काचेची का हवी आणि न मिसळता अंगाला का लावू नये, ते हा खड्डा सांगतो.

मिसळायचं किती, हे तोंडपाठ करण्याइतकं सोपं आहे. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरतात. म्हणजे चहाच्या चमचाभर, ५ मिलिलिटर, खोबरेलात किंवा तीळतेलात एक थेंब टाकला की एक टक्का मिश्रण झालं. मोठ्या निरोगी माणसाच्या अंगाला चोळायला एक ते दोन टक्के पुरतं. चेहऱ्याला अर्धा ते एक टक्का. दोन टक्क्यांचं ३० मिलिलिटर तेल करायचं तर बारा थेंब. हाताशी असलेला ड्रॉपर बारीक तोंडाचा असेल तर मिलिलिटरमध्ये ३०-४० थेंबही बसतात, म्हणून नवी बाटली आली की एकदा मोजून घ्यावं. काही तेलं या हिशेबातही बसत नाहीत. दालचिनीच्या सालीचं तेल एक टक्क्याच्या कितीतरी खालीही कातडीला डिवचतं. गवती चहाच्या तेलातला सिट्राल हा घटक काहींच्या अंगावर पुरळ उठवतो. लवंग तेल दाढेला लावताना बाटली हिरडीवर ओतू नये. साध्या तेलात मिसळून, कापसाच्या बोळ्याला लावून, दुखऱ्या जागेपुरतं टेकवावं. नाहीतर हिरडी भाजते, आणि तरीही दंतवैद्याकडे जावं लागतं ते लागतंच.

‘मला काही होत नाही, मी वर्षभर थेटच लावतो,’ असं सांगणारे भेटतात. कातडीची ॲलर्जी बहुधा पहिल्या दिवशी येत नाही, हेच त्यातलं फसवं आहे. शरीर त्या द्रव्याची ओळख मनात धरून ठेवतं आणि एके दिवशी त्याच तेलानं खाज, लाली, फोड सुरू होतात. एकदा अशी ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते आणि तेच द्रव्य साबणात, अत्तरात, क्रीममध्ये कुठेही आडवं येतं. शिळं तेल याला हातभार लावतं. संत्रं-लिंबाच्या तेलातला लिमोनिन हवेशी संयोग पावून बदलतो आणि बदललेला लिमोनिन मुळापेक्षा जास्त त्रासदायक असतो. टी ट्रीचंही तसंच. आपल्याकडच्या मे महिन्यात खिडकीत ठेवलेली अर्धी बाटली वर्षभरात कामातून जाते. गडद काचेची बाटली, घट्ट बूच, थंड अंधारी जागा, आणि उघडल्याची तारीख पेनानं लिहिलेली. एवढं केलं की निम्मं काम झालं.

आता सालींच्या तेलाचं आणि उन्हाचं. बर्गमॉट, आणि दाबून काढलेलं लिंबाचं तेल, यांत अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. ही तेलं लावून बारा तास तरी त्या जागेवर ऊन येऊ देऊ नये. तेच लिंबाचं तेल वाफेनं काढलेलं असलं तर हा धोका बहुतांशी नसतो. गोड संत्र्याच्या तेलालाही तो नाही. लेबलवर काढण्याची पद्धत लिहिलेली असावी, हा आग्रह याच्यासाठी.

या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण लहान मुलांचं आहे आणि ते मोठं असायलाच हवं होतं. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहणाऱ्याला हा विषय पुस्तकात शोधावा लागत नाही. पावसाळ्यात एक आजी आल्या. “निलगिरीची छोटी बाटली द्या.” कोणासाठी, विचारलं. “नातवाचं नाक चोंदलंय. रुमालावर दोन थेंब टाकून नाकाशी धरते.” केवढा आहे? “तीन महिन्यांचा.” म्हटलं, “आजी, त्याला नाही चालायचं. नाकात सोडायचे मिठाच्या पाण्याचे थेंब देतो, ते घाला. आणि दूध ओढत नसेल तर आजच डॉक्टरांना दाखवा.” आजींनी थेंब घेतले, पण निघताना ऐकवलंच, “आमची चारही मुलं निलगिरीवरच वाढली की!”

त्यांचं खोटं नव्हतं. बहुतेक मुलांना काही होत नाही. ज्या थोड्यांना होतं त्यांचं खापर मात्र दुसऱ्यावर फुटतं. मूल आधीच सर्दी-तापानं बेजार असतं, छातीला कापूर-तेल चोळलेलं असतं, आणि त्याला आकडी येते. घरचे म्हणतात ताप डोक्यात गेला. डॉक्टरही ताप मोजतात. कापराबद्दल कोणी विचारत नाही. बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी काही वर्षांपूर्वी आकडी घेऊन येणाऱ्यांना तेल, बाम, वाफारा यांविषयी नेमानं विचारायला सुरुवात केली. तेव्हा निलगिरी आणि कापूर वापरल्यानंतर आकडी आलेले रुग्ण त्यांना वारंवार सापडले आणि त्यांत प्रौढही होते. कापूर मेंदूला उत्तेजित करतो आणि तो पोटातून, श्वासातून, कातडीतूनही शरीरात शिरतो, हे औषधशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तर १९८०च्या दशकातच घरगुती औषधांतल्या कापरावर ११ टक्क्यांची मर्यादा घातली.

कापराकडे आपण औषध म्हणून बघत नाही, पूजेचं सामान म्हणून बघतो. देवघरातली त्याची पांढरी वडी रांगत्या मुलाला खडीसाखरेसारखी दिसते. एवढ्याशा मुलाच्या पोटात एक ग्रॅम कापूर गेला तरी जिवावर बेतू शकतं आणि पहिलं लक्षण म्हणून थेट आकडीच येऊ शकते, तीही काही मिनिटांत. बाळाच्या दुपट्याला कापराची पुरचुंडी बांधणं, खोबरेलात कापूर विरघळवून छातीला चोळणं, पाळण्याशी निलगिरीचा बोळा ठेवणं हे तिन्ही प्रकार दोन वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत बंद करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पेपरमिंट आणि मेंथॉलचं आणखी एक दुखणं आहे. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ ते नेलं तर प्रतिक्षिप्त क्रियेनं त्याचा श्वास अडखळू शकतो, कंठ आवळला जाऊ शकतो. मोठ्या माणसाला जो गारवा श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, त्यानं बाळाचा श्वास थांबू शकतो.

अमृतधारेची रीतच बघा. कापूर, पुदिन्याची फुलं म्हणजे मेंथॉल, आणि ओव्याची फुलं म्हणजे थायमॉल हे तिन्ही घन पदार्थ कोरड्या बाटलीत एकत्र घालून हलवले की पाण्याचा थेंबही न घालता त्यांचं पातळ द्रव होतं. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गंमत पहिल्या-दुसऱ्या वर्षीच दाखवतात. गंमत खरी, पण त्या बाटलीत दुसरं काहीच नाही, तीन तीव्र द्रव्यंच आहेत, हेही तितकंच खरं. मोठ्या माणसाला बत्ताशावर दोन थेंब हे तिचं माप ठरलेलं होतं. मुलाला ‘जरा कमी’ द्यावं, असं कुठलंच माप ठरलेलं नाही.

गंधपुऱ्याच्या तेलाचं गणित आणखी कठीण. त्यात जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनच्या जवळचं नातलग. चहाच्या एका चमच्यातलं तेल सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं भरतं, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या. लहान मुलासाठी हे प्राणघातक माप आहे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या आजोबांच्या गुडघ्यालाही ते रोज भरपूर चोळू नये, कारण कातडीतून शिरलेलं सॅलिसिलेट त्या गोळीचा परिणाम वाढवतं. गरोदरपणात तर ते दूरच ठेवावं.

वाफाऱ्याबद्दल दोन शब्द, कारण मराठी घर सर्दीला पहिलं पातेलंच शोधतं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला टॉवेल पांघरून बसवताना खरा धोका तेलापेक्षा पाण्याचा असतो. पातेलं लवंडलं की मांड्या-पोट भाजतं. कोविडच्या दोन वर्षांत असे अपघात जगभर वाढले. त्याच काळात, एप्रिल २०२१च्या सुमारास, कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीची पुरचुंडी हुंगली की रक्तातला प्राणवायू वाढतो, असा निरोप मोबाइलवरून घरोघर फिरला. मेंथॉल-कापरानं श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, पण तो नाकातल्या गारव्याच्या जाणिवेचा परिणाम असतो. ऑक्सिमीटरवरचा आकडा त्यानं हलत नाही. मोठ्यांनी वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची घ्यावी. तेल हवंच असेल तर एक थेंब, डोळे मिटून. दमा असलेल्यांनी तेवढंही नको.

डिफ्यूझर हे वाफाऱ्याचं शहरी भावंड. तो अर्धा-पाऊण तास चालवून बंद करावा, खिडकी किलकिली ठेवावी. बंद एसी खोलीत रात्रभर चालू ठेवला की डोकं दुखतं, मळमळतं, आणि दम्याच्या माणसाला धाप लागते. घरात मांजर असेल तर तिला खोलीबाहेर जाता यायला हवं. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट मोडता येत नाहीत, आणि अंगावर बसलेले तुषार ती चाटूनही घेते. टी ट्रीचं तेल तर कुत्र्या-मांजरांच्या अंगाला लावूच नये. आणखी एक साधी गोष्ट: ही तेलं पेट घेतात. निलगिरीची वाफ ५० अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. निरांजनात ‘सुवासासाठी’ दोन थेंब टाकणं किंवा गॅसच्या ओट्यावर बाटली ठेवणं टाळावं. डासांसाठी सिट्रोनेला लावणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की ते तास-दोन तासांत उडून जातं. डेंग्यूच्या दिवसांत त्याच्या भरवशावर मच्छरदाणी गुंडाळून ठेवू नये.

‘मग शुद्ध तेल घ्यावं म्हणजे झालं,’ असं बरेच जण म्हणतात. भेसळ हा या धंद्याचा जुना सोबती आहे आणि त्यात आपल्या मातीचाही वाटा आहे. खानदेशात, पिंपळनेर-नंदुरबारकडच्या डोंगराळ भागात, रोशा नावाचं सुगंधी गवत उगवतं. एकोणिसाव्या शतकात तिथे त्याचं तेल भट्ट्यांवर काढलं जाई. ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिथून पुढे गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळलं जाई. रोशाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असतं आणि गुलाबाच्या वासातही तोच घटक मोठा, म्हणून ही मिसळ नाकाला पटकन कळत नसे. व्यापारी त्याला ‘तुर्की जिरॅनियम’ म्हणत. खानदेशी गवताचं हे नाव युरोपात बरीच वर्षं चाललं.

आज भेसळीच्या जागी लेबलची भाषा आली आहे. ‘थेरप्युटिक ग्रेड’ अशी प्रत कुठल्याही सरकारनं किंवा मानक संस्थेनं ठरवलेली नाही, तो विक्रेत्यांचा शब्द आहे. ‘फ्रेग्रन्स ऑइल’ हे वेगळंच प्रकरण. ते वासासाठी बनवलेलं कृत्रिम मिश्रण असतं, अंगाला लावायचं नसतं. चांगल्या बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असतं, झाडाचा कोणता भाग वापरला ते असतं, काढण्याची पद्धत, बॅच आणि मुदत असते. दालचिनीच्या सालीचं आणि पानाचं तेल वेगळं वागतं. लव्हेंडरच्या एका जातीत कापूर नावापुरता, तर दुसरीत बराच असतो. हे लेबलवर नसेल तर बाटली परत ठेवावी. पण एवढं करूनही शुद्धता म्हणजे सुरक्षितता नव्हे. शुद्ध लवंग तेल भेसळीच्या तेलापेक्षा हिरडी अधिक भाजतं, कारण त्यात भाजणारी वस्तू पूर्ण असते.

सुगंधी तेलांनी उपचार करण्याच्या विद्येचा आधुनिक अवतार फ्रान्समध्ये झाला. रेने-मॉरिस गातफॉसे या रसायनतज्ज्ञाचे हात १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजले आणि जखमेवर त्यांनी लव्हेंडरचं तेल वापरलं. १९३७ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं आणि ‘अरोमाथेरपी’ हे नाव रूढ झालं. आज ही गोष्ट सांगताना लोक म्हणतात की त्यांनी जळता हात लव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि जखम चमत्कारासारखी भरली. त्यांच्या स्वतःच्या हकिगतीत भांडं नाही. भाजलेल्या जखमा चिघळल्या, सडू लागल्या, आणि त्या टप्प्यावर त्यांनी तेलानं धुतल्या, असं आहे. लोकांनी मधला भाग गाळून गोष्ट सुटसुटीत केली, आणि आता स्वयंपाकघरात हात भाजला की लव्हेंडर ओतणारे निघाले आहेत. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं थंड पाणी, बाकी सगळं नंतर.

याचा अर्थ ही तेलं मोडीत काढावीत असा नाही. पेपरमिंट तेलाच्या, आतड्यात जाऊनच फुटणाऱ्या कॅप्सूल पोटाच्या एका चिवट दुखण्यावर डॉक्टर देतात. दंतवैद्यांच्या भरणात लवंगेतला युजेनॉल कितीतरी वर्षं वापरात आहे. भारत पुदिन्याच्या तेलाचा जगातला सगळ्यात मोठा उत्पादक आहे आणि त्याचे सौदे मुंबईच्या वायदेबाजारात होतात. लखनऊच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेनं गवती चहा, वाळा, रोशा यांच्या लागवडीतून अनेक कोरडवाहू शेतकऱ्यांना पीक दिलं आहे. या तेलांमागे मोठी शेती आहे, कसब आहे, रसायनशास्त्र आहे. त्यांचा मान राखायचा तर त्यांना औषधाच्या शिस्तीनं हाताळायला हवं.

पुस्तकाची मांडणी त्याच शिस्तीनं केली आहे. आधी बाटली ओळखणं आणि साठवणं, मग मापं, मग अंगाला लावणं, श्वासातून घेणं. त्यानंतर मुलं, गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमा आणि आकडीचे रुग्ण यांची स्वतंत्र प्रकरणं. शेवटी पंचवीस तेलांची एकेक पानी टिपणं. पोटात घेण्याच्या पाककृती मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण ते काम वैद्यांचं आणि डॉक्टरांचं आहे.

अगदी शेवटचं पान फाडून घेण्यासाठी आहे. त्यावर अपघातात काय करायचं ते ठळक अक्षरांत दिलंय. तेल पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरतं आणि ते जास्त घातक ठरतं. मूल आत्ता हसतंय म्हणून वाट बघू नये. १०८ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावं आणि बाटली बरोबर न्यावी. डोळ्यात गेलं तर भरपूर स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावं. कातडीला झोंबलं तर आधी साध्या तेलानं पुसून मग साबणपाण्यानं धुवावं. त्या पानाच्या तळाशी तुमच्या मुलांच्या डॉक्टरांचा नंबर लिहायला जागा सोडली आहे. बाकीचं पुस्तक सवडीनं वाचलं तरी चालेल, तो नंबर मात्र आजच लिहा.